रुमालाखाली

दोंडाईच्याच्या बैलबाजारात
लोटन आबा पस्तीस वर्षं दलाल होते.
भाव तोंडानं कधी बोलले नाहीत.
उपरण्याच्या आत दोन हात,
बोट दाबलं की शंभर,
मूठ धरली की पाचशे,
आणि वर दोघांचे चेहरे
सोयरीक जुळवत बसल्यासारखे निवांत.

आता बोटं गेली.
आधी करंगळी, मग मनगट, मग जीभ.
डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार.
इमलबाई म्हणाल्या, नजर.
मी दर शनिवारी धुळ्याहून टोपी घेऊन येते,
सोळा डोळ्यांची,
प्रत्येक डोळ्याखाली चिकट जेलचा थेंब.

तेल लावू नका, दर वेळी सांगते.
दर वेळी लावलेलं असतं.
'बिगर तेलनं डोकं ऱ्हास का?'
मग शिकेकाई, मग अर्धा तास वाळवणं,
मग पंखा बंद, त्याची घरघर मेंदूच्या रेघेत उतरते म्हणून.
शेजारची गिरणी सुरू झाली
की आख्ख्या आलेखावर पीठ.
मे महिना, चव्वेचाळीस अंश.
कुणाचं तरी दळण संपेपर्यंत
आम्ही तिघं घामात बसून राहतो.

पडद्यावर अक्षरांची चौकट.
ओळ उजळते, विझते. दुसरी उजळते, विझते.
आबांनी काही करायचं नाही,
फक्त हव्या त्या अक्षराची वाट बघायची.
ते उजळलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात
रेघ एवढीशी उसळते,
बैलानं कातडी थरथरवून माशी उडवावी तेवढीच.
यंत्र ती हेरतं. एक अक्षर.
मग पुढचं.

पहिल्या महिन्यात त्यांनी लिहिलं : श. मग मात्रा.
यंत्र घाईचं. शेवट? शेत? शेजारी?
आबा हलले नाहीत.
(तसेही हलत नाहीत, पण हे वेगळं होतं.)
तीनदा विचारलं, तिन्ही वेळा रेघ सपाट.
इमलबाई हसल्या,
'अवो, शे म्हंजे शे. माणूस आठेच शे.'
त्या रात्री मी यंत्राच्या कोशात
पहिला अहिराणी शब्द घातला.

गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं,
'दुखस का?'
पडद्यावर दोनच शब्द ठेवले, नही आणि व्हय.
निकालाला वीस फेऱ्या लागतात.
कच्ची रेघ मात्र माझ्यापुढच्या छोट्या पडद्यावर
आधीच दिसते.
आबांची बुबुळं नहीवर रोवलेली,
खुंटा ठोकावा तशी.
आणि दर वेळी व्हय उजळलं
की रेघ उसळत होती.
सातव्या फेरीला शंका उरली नाही.

उपरण्याखाली ज्यांनी
एकाला एक बोट दिलं, दुसऱ्याला दोन,
त्यांना आता एवढासा आकडा
झाकता येईना.
आबांनी माझ्याकडे पाहिलं.
बाजारात मी कधी गेले नाही,
पण तो सौदा होता, हे कळलं.

मान पुसायचा ओला रुमाल
मी दोन्ही पडद्यांवर टाकला.
'तार सुटली वाटतं, मावशी.
पण नही म्हणताहेत.'

'बरं,' इमलबाई म्हणाल्या,
कोनाड्यातली तेलाची बाटली काढली,
आणि जिथं एकही तार नव्हती
तिथं, पायांशी, बसल्या.
विचारलं नाही काही.
हात फिरत फिरत गेला
आणि डाव्या घोट्यावर
बराच वेळ थांबला.