सोळाशे फुटांवर

मध्यरात्री मेरीलँडहून राष्ट्रीय नकाशा येतो,
पुढच्या अठ्ठेचाळीस तासांचा देश:
आखातापासून टेनेसीपर्यंत हिरवा, मग पिवळा,
मग तो लाल, ज्याच्यात गाड्या वाहून जातात.
पश्चिमेला डोंगरांवर निळं, ते ठरलेलंच.
आणि वर ईशान्येच्या कोपऱ्यात
नखानं ओरखडावं एवढं आणखी एक निळं.
त्या ओरखड्यात मी बसले आहे.

बिंगहॅम्टन. विमानतळाची टेकडी, समुद्रापासून सोळाशे फूट.
खाली सस्क्वेहाना, नदीच्या काठाला माझं घर,
साडेआठशे फुटांवर.
मधल्या साडेसातशे फुटांत
आजची सगळी भानगड आहे.

वेंडेल म्हणतो, पाऊसच लिही.
ऑक्टोबरची अठरा तारीख, जमीन अजून कोमट,
लोक पायऱ्यांवर भोपळे मांडतायत.
तेवीस वर्षं झाली त्याला या खुर्चीत.
मी तापमानाचा आलेख पुन्हा उघडते.
शून्याची रेघ अशी लोंबतेय
जशी ओल्या चादरींनी दोरी खाली येते.
एक अंश इकडे, तर नदीला पूर.
एक अंश तिकडे, तर झाडं गेली.

कारण पानं अजून झाडांवरच आहेत.
हे मी इथे येऊन शिकले:
बर्फ वाईट नसतो, घाईचा बर्फ वाईट.
नागव्या फांदीवरून तो निसटून जातो,
पानांची मात्र ओंजळ होते त्याच्यासाठी
आणि ओंजळ भरली की मनगट तुटतं.

मी लिहिते: पाऊस.
उंचावर काही ठिकाणी हिम मिसळण्याची शक्यता.
काही ठिकाणी. मिसळण्याची. शक्यता.
ही आमच्या कुसुमआत्याची भाषा.
लग्नाला येणार का विचारलं
की 'बघू, जमलं तर.'

चार वाजून दहा. फोन.
आर्डिथ हॉयट, वय एक्याऐंशी, पूर्वेच्या खोऱ्यातली,
पन्नास वर्षं आम्हांला पाऊस मोजून देते
फुकट, एक नळी आणि लाकडी पट्टी घेऊन.
एरवी तिचा फोन सातला.
'पोरी, तुमच्या कागदावर काय आहे?'
पाऊस, मी म्हणते.
'मग माझ्या सफरचंदांना वाचून दाखव,'
आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरते बहुतेक.
आधी नुसती शांतता,
पावसाला कधीच न जमलेली.
मग कडाड.
मग पुन्हा तीच.
'तिसरं झाड. साडेतीन इंच. लिहून घे.'

मी उठून पडदा सारते.
स्क्रीनवर चकाकी नको म्हणून तो कायम ओढलेला.
धावपट्टीचे दिवे दिसतच नाहीत.
वेंडेल काही बोलत नाही,
माझ्या कोपरापाशी कॉफी ठेवतो
आणि रस्तेवाल्यांचा नंबर फिरवतो.

'शक्यता' खोडते. 'काही ठिकाणी' खोडते.
जोरदार हिम. आत्ता. फांद्या पडतील, तारा तुटतील.
चार सव्वीसला पाठवते.
सोळा मिनिटं.
सोळा मिनिटांची किती झाडं
ते कुठल्या रकान्यात भरायचं?

सातला सुटते. उतारावर वायपर
आधी ढकलतात, मग फासतात, मग धुतात.
चर्चच्या पाटीपाशी, बाराशे फुटांवर,
पांढरं संपतं, सरळ,
वहीच्या समासासारखं.

आमच्या गल्लीत धो धो. गटार तुंबलेलं.
शेजारचा इमॅन्युएल कचऱ्याचा डबा ओढत हसतो,
'मोबाइलवर म्हणे हिमाचा इशारा!
कोण बसतं गं तिथे?'
मी किल्ल्या शोधते.
त्याची धाकटी, शाळेच्या बससाठी उभी,
माझ्या गाडीच्या टपाकडे बघते.
चार इंच. शाबूत, फक्त कडेनं ठिबकणारा.
ती छत्री बापाच्या हातात देते,
चवड्यांवर उभी राहते,
दोन्ही हातांनी एक गोळा खरवडून काढते
आणि भर पावसात धरून थांबते,
तो संपायच्या आत बस यावी म्हणून.