नववी वीज

रात्री दीडला लोड उतरतो.
ट्रान्सफॉर्मरची घरघर तेवढी राहते,
अन् कंट्रोल रूमच्या ट्यूबखाली पाली
आपापली हद्द राखून बसतात.
मी रजिस्टरात लिहितो: सर्व फीडर चालू.
मग रुपचंद पोरीचा फुटक्या काचेचा मोबाईल
लोट्याला टेकवतो
अन् आम्ही दोघं चीनला जातो.

तिथं डोंगर ढगांत लटकलेले.
पांढऱ्या झग्यातला पोरगा तलवारीवर उभा राहून उडतो,
हेल्मेट नाही म्हणून त्याला कोणी मेमो देत नाही.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात, घाईत.
रुपचंदसाठी मी वाचतो.
अर्धं मला कळतं, अर्धं मी बनवतो.

पहिल्याच रात्री 'कल्टिव्हेशन' आलं,
मी बेधडक सांगितलं: शेती.
तीन भाग आम्ही वाट पाहिली
हे लोक वखर कधी काढतात म्हणून.
शेवटी आचलनंच समजावलं:
बाबा, ते स्वतःलाच पेरतात.
बेंबीच्या तीन बोटं खाली
सोन्याची एक गोळी पिकते.
रुपचंदनं शर्ट वर करून पाहिलं.

पायऱ्या असतात त्यांच्या.
श्वास गोळा करणं, पाया रचणं, मग ती गोळी,
मग आणखी काय काय.
एकेका पायरीला माणूस शंभर वर्षं गुहेत बसतो,
दाढी जमिनीला लागते, बाहेर राजे बदलतात,
अन् इकडं बोट लावलं की पुढचा भाग.
"नुसता बसला तरी मोजल्या जाते नं," रुपचंद म्हणतो,
"एक दिवस वाया जात नाही बाप्पा त्याचा."

रुपचंद अकरा वर्षांपासून कंत्राटी आहे.
एजन्सी तीनदा बदलली.
दरवेळी त्याची नोकरी
पहिल्या दिवसापासून सुरू होते.

वर चढायचं तर आभाळ परीक्षा घेतं.
काळे ढग गोल फिरतात अन् नऊ विजा,
एकामागून एक, नेमक्या त्याच्याच डोक्यावर.
आठ झेलल्या तर काहीच नाही.
नववी झेलली की कातडी नवी निघते,
अन् म्हातारे गुरू दाढी कुरवाळत मान हलवतात.

हा भाग लागला तसा रुपचंद गप्प.
उजव्या हाताला त्याच्या दोन बोटं अन् अंगठा.
दोन हजार अठराचा आषाढ.
परमिट घेतलेलं, लाइन बंद,
तरी कोणाच्या तरी इन्व्हर्टरमधून उलटी आली.
तो पडला नाही, खांबाला लटकला.
खालचे म्हणाले, गेला.
सेवाग्रामच्या वॉर्डात डोळे उघडले
तर पंख्याकडे पाहून पहिलं वाक्य:
"गावात सप्लाय आला का?"

"माही एकच झाली," तो आता म्हणाला,
पडद्यावरची पाचवी पाहत. "आठ बाकी हायेत."
अन् हसला.
मी रजिस्टरात डोकं घातलं.
त्या परमिटवर सही माझी होती.

तीन वाजून दहा. घाटंजी फीडर ट्रिप.
वावधनात निंबाची फांदी आली असेल.
रुपचंदनं पोरग्याला
आठव्या अन् नवव्या विजेच्या मधात थांबवलं,
दोरी खांद्यावर टाकली, हातमोजे चढवले.
उजव्या मोज्याची दोन बोटं नुसतीच लोंबत होती.

मी परमिट लिहिलं. खटका खाली. दोनदा पाहिलं.
फोनवर विचारलं, शॉर्टिंग केलं का? अर्थिंग लावलं का?
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
खांबाखालून आवाज आला,
"तू माहा गुरू हायेस का बे?"

लोट्याला टेकलेला तो पोरगा
अजून हवेतच, वर तोंड करून,
झग्याची घडी फडफडता फडफडता थांबलेली.
बॅटरी चार टक्के.
मी चार्जर शोधायला उठलो.