हाब्बोचा तळहात

एम्डेनच्या गोदीत हाब्बो आल्बर्ट्स
एकोणीस वर्षं फ्रिगेटच्या पोटात उताणा पडून
बोटभर जाड पोलाद सांधायचा.
एक जहाज म्हणजे तीन हिवाळे.
थेडाचे दुधाचे दात पडले, नवे आले,
तरी जहाज आपलं धक्क्यालाच.

मग गोदीतलं काम आटलं.
आता तो मोटारींच्या कारखान्यात.
पत्रा इतका पातळ की शिंकायची चोरी, म्हणतो,
आणि सांधायला यंत्रांचे नारिंगी हात.
मिनिटाला एक सांगाडा येतो,
काच नाही, चाक नाही, रंग नाही,
नुकत्या कातरलेल्या मेंढीसारखा उघडा.

याने सुती हातमोजा चढवायचा,
तळहात फिरवायचा दारावरून, छतावरून.
डोळ्याला न दिसणारा पोचा हाताला कळतो.
खडूची खूण. पुढचा.

"हात मऊ झाले रे तुझे," ग्रेत्ये म्हणते,
चहात खडीसाखर तडकत असते.
तो कप फिरवत बसतो.

रविवारी बांधावर भणाण वारा होता.
दुरुस्तीला आलेलं एक करडं जहाज
एम्सच्या मुखातून आत शिरत होतं.
हाब्बो पुटपुटत मोजत गेला, थांबला:
"ती बघ, सत्तेचाळिसावी बरगडी. रंगाखाली
माझी एक शिवण जराशी वाकडी आहे.
तपासनिसाने चालवून घेतली होती."

थेडा हसली. इथून काय दिसणार?

त्याचा हात मात्र वर, हवेत,
मोज्याशिवाय,
सावकाश सरकत राहिला
जहाज वळेपर्यंत.