आतबट्ट्याचा व्यवहार

लोझानच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
आन्सेल्म फ्रुआदवो ताट पुसून जेवतो.
मग ऊर्ध्वपातित पाण्यानं ताट विसळतो
आणि ते विसळवणही पितो.
नियमच आहे तसा. तोंडात गेलेला कण न् कण
माझ्या वहीत,
बाहेर पडलेला थेंब न् थेंब
माझ्या तीन लिटरच्या बुधल्यात.

ज्युरा डोंगरातला हाडाचा गवळी.
आजवर चार मुतखडे. बापही असाच
कण्हत भिंतीला टेकून उभा राहायचा म्हणे.
गावच्या डॉक्टरनं बजावलं : दूध बंद, चीज बंद.
तेव्हापासून अकरा वर्षं
स्वतःच्या हातचं चीज त्यानं
नुसतं बोटानं ठोकून पारखलंय,
बद्द वाजतं की भरीव.

पहिल्या सकाळी पेल्यातल्या दुधात
खुणेचा चुना घातला, वेगळ्या खुणेचा शिरेत.
यंत्र म्हणालं,
चारचौघांचं आतडं
शंभरातले पंचवीसेक कण ठेवून घेतं,
बाकीच्यांना वाट दाखवतं.
याचं साठ ठेवतं.
दारात आलेल्या कुणाला नाही म्हणवत नाही त्याला.

मग नऊ दिवस चुन्याचा उपास.
भात, सफरचंद, मोजून कोंबडी,
दात घासायलासुद्धा तेच मेलेलं पाणी.
मला वाटलं, आता बुधला निवळेल.

नाही निवळला.
मी दोनदा मोजलं, मग बर्नर पुसून तिसऱ्यांदा.
ज्योतीत तीच विटकरी झाक.
आडात नाही, तरी पोहरा भरून येतोय,
तेव्हा कळलं, आपण आड चुकीचा समजत होतो.
अकरा वर्षं हा माणूस
रोज थोडी थोडी
आपलीच हाडं मुतत होता.

डॉक्टर रोशा त्याच्या खाटेवर बसून बोलल्या.
चीज खा. जेवणाबरोबर, बेतानं.
पाणी भरपूर. मीठ मात्र कमी,
मीठ जाताना चुन्याचाही हात धरून नेतं.

तो बराच वेळ गप्प.
मला वाटलं, वाया गेलेली वर्षं मोजतोय.
मग म्हणाला,
"मीठ कमी म्हणजे किती कमी?
एक चाक वेगळं खारवावं लागेल.
साल नीट धरणार नाही त्याची.
तळघरात मागच्या फळीवर ठेवतो,
बायकोला सांगत नाही,
बिघडलं तर हसेल."

बूट घालताना त्यानं
काउंटरवरचा माझा रिकामा बुधला
बोटानं ठोकला,
कान लावून ऐकला.