चार्ज

शपथ वाचली ती एका जुन्या कागदावरून.
नावाच्या जागी पांढरी शाई, तिच्यावर मी: अश्लेषा घोडेराव.
उजेडाकडे धरलं की खालचं अजून दिसायचं,
रेवणसिद्ध बिराजदार.
कुलगुरूंनी गुलाब दिला, चुरचुरत्या कागदासकट.
फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत
आणि मी गुलाबाकडे.

अकरा मतं. तीनदा मोजली.
केतकी पाळंदे हरली, तरी पहिली टाळी तिचीच,
कोथरूडच्या वक्तृत्व स्पर्धांत घोटलेली,
नेमक्या क्षणी वाजणारी.
मला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

रात्री येवल्याहून अण्णांचा फोन.
तीस वर्षं एसटीत कंडक्टर.
पगार किती, हे विचारून झालं.
नाही म्हटल्यावर जरा गप्प.
मग म्हणाले, चार्ज घेताना सही आधी करायची नाही.
ट्रे मोजायचा, तिकिटांचे ब्लॉक मोजायचे,
फाटकी नोट तिथल्या तिथं परत करायची.
एकदा सही झाली
की मागच्याची खोट आपली.

मुख्य इमारतीच्या मागं
वडाच्या पारंब्या सायकल स्टँडच्या पत्र्याला टेकतात
तिथं ती खोली.
गुंजाळमामांनी किल्ली दिली,
म्हणाले, कुलूप वर उचलून फिरवा, नाहीतर रुसतं.
रेवणसिद्ध उशिरा आला, शर्ट खोचून.
बाराला हिंजवडीत मुलाखत होती त्याची.

खुर्च्या चार. एक तीन पायांची, भिंतीला टेकवलेली.
करंडक सात, एकाचा कान नाही.
मेगाफोन, सेल नसलेला.
शिक्का एक, साल मागचंच. शाईचं पॅड कोरडं ठणठणीत.
अर्ज?
ते मोजत नाही कुणी, म्हणाला.
मी म्हटलं, मोजूया.

वसतिगृहात सकाळी सातनंतर गरम पाणी नाही.
भातात खडे, सोबत पुरावा म्हणून टाचलेली पुडी,
पुडीत खरंच तीन खडे.
ग्रंथालय बारापर्यंत उघडं ठेवा.
ग्रंथालय बारापर्यंत उघडं ठेवा, दुसरं अक्षर.
रस्त्यावरचा दिवा. पुन्हा पाणी.
तो घड्याळ बघायचा, मी बोटाला थुंकी लावून पुढं.

एकशे एकोणनव्वदावा माझा.
दोन वर्षांपूर्वीचा. शिष्यवृत्ती थकली आहे,
परीक्षा शुल्काला मुदत मिळावी, ही नम्र विनंती.
'नम्र' खाली दोन रेघा ओढल्या होत्या मी.
(मुदत मिळाली नाही. आईचे कानातले गेले
आणि औंधच्या एका क्लासचे पेपर
मी चार रुपयांना एक, असे तपासले.)
कोपऱ्यात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं:
बोलतो.

एवढंच. कोण, कुणाशी, काही नाही.
रेवणसिद्धनं वाकून पाहिलं. खाली नाव वाचलं.
माझं अक्षर नाही गं, म्हणाला, बघ की,
मला मिळाला तेव्हाही असाच होता.
खोटं बोलत नव्हता.
तेच तर.

तो अर्ज मी वर ठेवला नाही.
तळाशीही नाही.
तारखेप्रमाणे जिथं होता तिथंच.
एकूण दोनशे चौदा, असं शब्दांत लिहिलं,
मग सही केली. पेन त्याचं होतं, परत दिलं.
दारातून वळून म्हणाला, कुलूप वर उचलून...
सांगितलंय मामांनी, मी म्हटलं.
शुभेच्छा द्यायच्या राहूनच गेल्या, दोन्हीकडून.

मग खोलीत मी आणि तो गठ्ठा.
बाहेर चौकाकडून बसचा एक लांबलचक हॉर्न.
खुर्चीच्या कडेवर बसले होते,
दुसऱ्याची जागा धरून ठेवल्यासारखी,
तेवढ्यात दारात एक पोरगा. पहिल्या वर्षाचा असावा,
हातात चार घड्या घातलेला कागद.
ताई, अध्यक्ष कधी येतील?
आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं:
येतीलच इतक्यात. बस ना.

तो बसला. नेमका त्या तीन पायांच्या खुर्चीवर.
अरे ती नको, म्हणत मी झेपावले,
खुर्ची सावरली, तो सावरला,
आणि त्या गडबडीत
कागद माझ्या हातात.