नऊ नंबरचं चित्र

पेटी आली मे महिन्यात, भर दुपारी,
टाउन हॉलच्या मागच्या दारानं.
तांपेरे, असं गावाचं नाव,
बाजूला तडकलेल्या पेल्याची खूण, म्हणजे जपून.
भरमूनं तिच्यावर डबा ठेवून जेवण उरकलं होतं.

अठ्ठावीस चित्रं. चौदांच्या काचा फुटलेल्या,
चौकटी खिळखिळ्या.
पापाच्या तिकटीला माणूस आला:
दस्तगीरभाई, चार दिवसांत होईल?
होतंय की, म्हणालो.
आमच्या धंद्यात नाही म्हणत नाहीत,
उद्या या म्हणतात.

आजवर मी काय काय चौकटीत बसवलं.
अंबाबाई. जोतिबा. काबा.
दहावीचं सर्टिफिकेट, पुढं नापास झालेल्याचं सुद्धा.
कान मोडलेला पैलवान, खांद्यावर गदा.
आणि गेलेली माणसं. सगळ्यात जास्त गेलेली माणसं.
वर्षाला किती हार चढतील, अंदाज घेऊन
मागचा खिळा मोठा ठोकायचा.

हे पहिलं चित्र उजेडाला धरलं:
खाली एक काळी रेघ, वर काही नाही.
मॅडम, म्हटलं, छापायचं राहिलंय हे.
इनामदार मॅडम हसल्या नाहीत, त्यांचं मला हे आवडतं.
बर्फ आहे तो, म्हणाल्या.
पांढरा लावत नाहीत. कागद तसाच सोडतात.

सोडतात.
हातातला रंधा थांबला.
चाळीस वर्षं मी कडा पकडतोय,
आणि तिकडं कुणीतरी नुसतं सोडून देऊन
अख्खं तळं गोठवलंय.

रात्री काम. पंखा बंद, कागद उडतात.
पाठीवर बनियन चिकटलेला,
आणि समोर एकामागून एक थंडी:
थंडीतलं देऊळ, थंडीतली होडी,
थंडीत उभी बाई, तोंड पलीकडं.
मी तिला काचेखाली घेतली, हलक्या हातानं,
जशी थंडी वाजणाऱ्यावर गोधडी घालावी.

नऊ नंबरला चूक झाली.
कपाळावरचा एक थेंब
टॉवेल पोचायच्या आधी खाली आला.
बर्फावर, उजवीकडं, वरच्या कोपऱ्यात.
टिपला. फुंकर मारली. वाळला.
ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट डाग राहिला.
काच बसवली. कुणाला बोललो नाही.

उद्घाटनाला समई, शाल, नारळ,
पाहुण्यांनी मराठीत 'नमस्कार' म्हटल्यावर टाळ्या.
नंतर तीन दिवस फक्त पंख्यांचा आवाज.
कपिलतीर्थाच्या मंडईतून एक बाई रिकामी पाटी घेऊन आली,
सावलीला बसली, उठता उठता म्हणाली,
एवढं पांढरं धुवायला पाणी कुठनं आणत असतील.
वडणग्याची शाळा आली. पोरं चित्रांकडं नाही,
पलीकडच्या खोलीत पळाली,
ब्रह्मपुरीच्या मातीतनं निघालेला
तो वीतभर समुद्रदेव बघायला.
इथं समुद्र नाही. तरी तो आला होता,
दोन हजार वर्षांमागं, कुणाच्या तरी सामानातनं.
वाटेत त्याचं काय काय फुटलं असेल,
आणि कुणी जोडलं, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

शेवटच्या दिवशी शामराव मिठारी आले.
पूर्वी सिनेमाचे बॅनर रंगवायचे,
नटीचा एक डोळा त्यांच्या उंचीएवढा.
आता मोतीबिंदू. काचेला नाक लावून बघत बघत
नऊ नंबरपाशी थांबले.
माझ्या पोटात गोळा.

लई वेळ गेला.
मग बोट न लावता, नुसतं त्या दिशेला,
म्हणाले: इथनं कुणीतरी चालत गेलंय.
एकच पाऊल दिसतंय. दुसरं कुठं पडलं असंल?

मी म्हणालो, काय की.

संध्याकाळी पेटीत पेंढा भरला,
या खेपेला स्वतःच्या हातानं.
भरमूला म्हटलं, हिच्यावर जेवू नको.
जेवणार नाही, म्हणाला, आणि बसला.