मामा तलाव

लेकीनं विचारलं, हा मामा कोणाचा?
पाळीवर पंचायतीची पाटी आहे : मामा तलाव, पुढं हेक्टर, पुढं गंज.
म्हटलं, माजी मालगुजारी. मा आणि मा.
ती हसली. सख्खा मामा
भाचीकडून मासोळीचा ठेका घेते का बाबा?

मी मच्छीमार सोसायटीचा सचिव.
ठेक्याचा कागद घेऊन साकोलीला जातो, बाकावर बसतो.
एकदा बाबूला दया आली,
त्यानं जुन्या बंदोबस्ताचं दप्तर सोडलं.
बंदोबस्त म्हणजे आमच्याकडं पोळ्याला येणारे दोन पोलीस,
संध्याकाळी परत जातात.
हा आला तो राहिला.

कागदात नाही ते आमच्या घरात सांगतात :
थंडीचे दिवस, आमराईत तंबू,
साहेबाला गावाचा मालक पाहिजे.
गावात पाळ बांधणारे कोहळी होते,
पाण्याच्या पाळ्या लावणारा पाणकर, सलंगेवर कोंबडं देणारा भुमक,
जाळं टाकणारे आम्ही ढिवर.
मालक नव्हता.
रकाना मात्र होता, एका नावापुरता.

आडकू आणि उरकुडा, दोघे भाऊ.
दोघांनी सारखीच माती वाहिलेली,
चुंबळीनं दोघांच्या टाळूवर सारखंच टक्कल.
त्या सकाळी तुडुम अडलं होतं.
उरकुडा छातीभर पाण्यात, गाळात हातानं भोक चाचपत.
आडकूचं धोतर कोरडं होतं, म्हणून तो तंबूत गेला.
इतकंच.

उरकुडा वर आला तेव्हा दात वाजत होते,
आणि भाऊ मालगुजार झाला होता.

पहिल्या साली काही फरक पडला नाही.
दुसऱ्या साली पंगतीत उरकुडाचं पान
एक हात मागं सरकलं.
मग केव्हातरी 'दादा'चं 'मालक' झालं,
त्याच्याच तोंडून, कोणी न सांगता.
पाळीवरच्या मोहाखाली शिपाई बसला,
फुलं वेचणाऱ्या बाया टोपली झाकून जाऊ लागल्या.

आमचा फागू सणाला पाटलाच्या दारात मरळ ठेवायचा,
गावली तर. नाही तर चार बोटऱ्या,
नाही तर हसून राम राम.
आता तीच मरळ मोजून जायची,
नाही गावली तर बाकी.
द्यायचं होतं, त्याचं देणं झालं.

त्याच दप्तरात वाजिब-उल-अर्ज,
गावाची चालरीत, साहेबानं विचारून लिहून घेतलेली.
बाबूनं वाचलं : ढिवरांस मासे धरण्याची मुभा आहे.
मुभा?
म्हटलं, साहेब, आधी आम्हाला अडवत कोण होतं?
बाबू म्हणाला, सही इथं करा. खाली शिक्का.

मालगुजारी गेली त्यालाही जमाना झाला.
आडकूचे पणतू नागपूरला असतात,
उरकुडाचे इथंच, टेलाकडच्या बांधीत,
जिथं पाणी शेवटी पोचते, कधी पोचतही नाही.
दोन्ही घरचे लग्नाला एकमेकांकडं जातात.
तलाव सरकारचा. तुडुम अडलं
तर अर्ज करावा लागतो, मग उन्हाळा येते.

परवा सभासदांची नवी यादी करायची होती.
लिहायला बसण्याआधी पाळीवर गेलो,
पाहिलं, पाण्यात कोण आहे :
सुकरू, त्याची बायको बायजा, वलथऱ्यांचा मुका पोरगा.
तीन नावं आधी लिहिली.
लेक म्हणाली, ठीक आहे,
पण सहीला त्यांना वर यावंच लागन ना?